कंदिलाची दोरी

पेवाच्या काठावर त्या सकाळी नऊ माणसं होती. एक कंदील, दोन दोर, लिंबाच्या डहाळ्यांचा एक भारा, सतरा रिकामी पोती आणि बावीस फूट रबरी नळी. नळीवर दर फुटाला लाल दोऱ्याची गाठ होती. गाठी एकवीस, कारण बाविसाव्या फुटाला नळीच संपत होती. दहावं माणूस साठ पावलांवर बाभळीखाली बसलं होतं. ती साठ पावलं द्वारकानं आदल्या संध्याकाळी चालून मोजली होती आणि वहीत दहावं माणूस वेगळ्या ओळीत लिहिलं होतं.

दहावं माणूस म्हणजे आवडाबाई. द्वारकाच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, फकिराची बायको; द्वारका तिला जिजी म्हणायची. तुप्यांच्या घरात पेव उघडायचं झालं की तिनं बाभळीखाली जाऊन बसायचं, हे एकोणसाठ वर्षं चालत आलं होतं. तिला तसं सांगावंही लागत नसे. पहारीचा पहिला घाव कानावर आला की ती लुगड्याचा पदर सावरून उठायची आणि चालू लागायची.

शेंद्र्याच्या शिवारात एके काळी घरटी पेव होतं. जमिनीत खणलेलं, रांजणासारख्या पोटाचं, वर अरुंद तोंड. एक माणूस खांदे चोरून उतरेल एवढंच. ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. चार-पाच वर्षं दाण्याला किडा लागत नाही. आता कारखाने आले, गोदामं आली, बाकीची पेवं बुजली. तुप्यांचं हे एकच उरलं होतं आणि तेही या आठवड्यापुरतं. रस्त्याच्या रुंदीकरणात हा तुकडा गेला होता. ज्वारी काढून झाली की मुरूम टाकून पेव बुजवायचं ठरलं होतं.

"मंग? तुझ्या नळीचा मुहूर्त कवा हाय?" नानासाहेबांनी विचारलं. द्वारकाच्या वडलांचे हे थोरले भाऊ. वय सहासष्ट, आवाज अजून तिशीतला. "लोकांच्या पोरी एमेस्सी करून कॉलेजात शिकवायल्यात. आमची पोरगी पेवाची ढेकर मोजायली."

रोजावर आलेले दोन मजूर हसले. द्वारकाही हसली.

"ढेकरच आहे नाना. चार वर्षांची. म्हणून तर मोजायची."

तिचे वडील कारभारी जमिनीकडं बघत राहिले. ते भावापुढं कधी बोलत नसत. आई सरूबाईनं पोती झटकायला घेतली. ती आधीच दोनदा झटकून झाली होती.

*

द्वारकाला आकडे शनिवार संपायच्या आत हवे होते, आणि आज शनिवारच होता.

मंगळवारी ती विद्यापीठात डॉ. भानुमती कंधारकरांच्या खोलीत उभी होती. रसायनशास्त्राच्या या मॅडमकडं गाईड म्हणून एकच जागा शिल्लक होती आणि टेबलावर आठ अर्ज होते. सगळ्यांत खाली द्वारकाचा.

"पीएचडीची पेट परीक्षा पास आहात, मार्क चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "हे पाच विषय. यातला कुठलाही घ्या. उपकरणं आहेत, रसायनं आहेत, तीन वर्षांत प्रबंध होतो."

द्वारकानं पाचही विषय वाचले. दोनदा वाचले. मग कागद जसा आला तसा परत सरकवला.

"विषय चांगले आहेत मॅडम. मला नको आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "सात जणांनी यातलेच निवडलेत."

"मग पाचही विषयांना माणसं मिळाली. माझ्या विषयाला एकच जण आहे."

"कोणता?"

"बंद पेवातली हवा. तळापासून तोंडापर्यंत कार्बन डायऑक्साइडचे थर कसे बसतात, पेव उघडल्यावर ते किती वेळात मोडतात."

"पेव? इतिहास विभाग पलीकडच्या इमारतीत आहे."

"पेवात किती माणसं मेली ते इतिहासवाले लिहितील. कशानं मेली ते इथंच मोजावं लागेल."

मॅडम बसा म्हणाल्या नाहीत. द्वारकानं उभ्यानंच सांगितलं. रझाकारांच्या भीतीनं आजोबांनी, बन्सीबापूंनी, सगळी ज्वारी पेवात घातली आणि वरून नांगर फिरवला. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तरी बापूंनी पेव उघडलं नाही. बावन्न साली पाऊस गेला तेव्हा उघडलं. रीतीप्रमाणं एक रात्र उघडं ठेवलं. सकाळी कंदील आत सोडला. तो जळत राहिला. बापूंनी धाकट्या भावाला उतरायला सांगितलं. फकिरा उतरला तो वर आला नाही. काठावर पाटी धरून त्याची बायको उभी होती, लग्नाला आठ महिने झालेली. कंदील तर जळत होता. मग दोष कुणाचा? पांढऱ्या पायाची बाई काठावर उभी राहिली, तिचा.

"तेव्हापासून?" मॅडमनी विचारलं.

"तेव्हापासून पेव उघडलं की ती लांब बसते. आणि तेव्हापासून आमच्या पेवात कुणी मेलेलं नाही. काका हेच सांगतात."

"तुमच्या काकांचं निरीक्षण खरं आहे. मग चूक कुठं आहे?"

हा प्रश्न द्वारकानं स्वतःला चार वर्षांपूर्वी विचारला होता, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना.

"त्या वर्षी आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या. आजीला लांब बसवलं, आणि एका रात्रीऐवजी तीन दिवस थांबून डहाळ्यांनी आतली हवा ढवळायला लागलो. त्यातली कामाची कोणती, ते कुणी तपासलंच नाही."

"आणि हे पेव बुजल्यावर? प्रबंध कशावर लिहिणार?"

"तीन तालुक्यांत अजून सतरा पेवं वापरात आहेत. मी जाऊन मोजलीत. पण आमच्या पेवातली न ढवळलेली हवा शनिवारनंतर मिळणार नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "एक सांगा. तुम्हाला आजीला निर्दोष ठरवायचंय की वायू मोजायचाय? हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्याला मी गाईड नाही."

"मोजायचंय. आकडे आजीच्या विरुद्ध गेले तरी तेच आणून देईन."

"घरचे आकडे मानतील?"

"घरचे आत्ताही माझं कुठं मानतायत?"

मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी आठ अर्जांच्या खालून तिचा अर्ज काढून बाजूला ठेवला. "सोमवारी समिती आहे. शनिवारी रात्रीपर्यंत आकडे पाठवा. फक्त आकडे. त्यांच्यावर तुमचं मत नको. मत सगळ्यांकडं असतं."

*

गॅस मोजायचा मीटर बद्रीनाथनं आणला होता. नानासाहेबांचा हा मुलगा शेंद्र्याच्याच एका कारखान्यात सेफ्टीला होता. साहेबाची चिठ्ठी घेऊन त्यानं दोन दिवसांसाठी मीटर घरी आणला, पण वडलांसमोर तो बहिणीकडं बघायचंही टाळत होता.

पेव काल संध्याकाळी उघडलं होतं. एक रात्र झाली होती. बावन्न साली झाली होती तेवढीच. डहाळ्या अजून आत गेल्या नव्हत्या. द्वारकानं नळीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधला, दुसरं टोक मीटरच्या पंपाला जोडलं आणि नळी हळूहळू सोडली. तिसऱ्या गाठीला थांबली. दोन मिनिटं. आकडा स्थिर झाला तसा लिहिला. पाचवी गाठ. सातवी. नवव्या गाठीला गोळा ज्वारीला टेकला.

चार आकडे झाले. तिनं वहीचं पान फाडलं, त्याची चौपदरी घडी केली आणि ती चुलतीच्या, लक्ष्मीबाईच्या हातात दिली.

"मोठी आई, हे कनवटीला लाव. मी मागेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. मलाही नाही."

"काय हाय त्यात?"

"जिजी लांब असतानाची हवा."

लक्ष्मीबाईनं कागद कनवटीला खोचला. नानासाहेबांना उलगडा व्हायला तेवढं वाक्य पुरलं.

"म्हंजी आता जवळ असतानाची पण घेणार?"

"व्हय नाना."

"नाय."

"एकदाच. पाच मिनिटं."

"नाय म्हनलं ना! नळी सोडायची, सोडलीस. मी आडवा आलो का? पन काकू काठावर येनार नाय. शेवटच्या टायमाला मला इथं मढं नको."

"आत कुणी उतरतच नाही नाना. मढं कुणाचं पडेल? नळीचं?"

मजूर पुन्हा हसले, पण यावेळी तोंड फिरवून. नानासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "कारभारी, पोरीला आवर."

कारभारींनी मान वर केली. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी घसा खाकरला, आणि द्वारकाला वाटलं, आता हे नेहमीसारखं म्हणतील, ऐक बाई नानाचं.

"तिचं पेपरचं काम हाय म्हने, दादा," कारभारी म्हणाले. "सोमवारी द्यायचंय." एवढं बोलून ते परत जमिनीकडं बघायला लागले. पण बोलले होते.

द्वारका वळली आणि बाभळीकडं चालू लागली. मागून नानासाहेबांचा आवाज आला, "काकू आली तर आत्ताच्या आत्ता बुजवतो! सतरा पोती ज्वारी गेली तर गेली!" तिनं पावलं मोजली. मोजत असलं की तिचं अंग कापत नसे. साठ.

आवडाबाई पायातल्या काट्याशी झटत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जिजी, येतेस?"

"कशाला? त्या नान्याचा बीपी वाढवायला?"

"मोजायला."

"मला मोजून काय निघायचंय गं?"

"ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. आकडा वाढला तरी मी तोच लिहीन. तुझी इच्छा नसेल तर नको."

म्हातारीनं काटा काढला, तो उन्हात धरून बघितला आणि टाकून दिला. "एकोनसाठ वर्सं नुस्तं म्हनत्यात. मोजलं कुनीच नाय." ती उठली. द्वारकानं हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. "पाय तेच हायेत. चल, पायासगट मोज."

ती येताना दिसली तसे नानासाहेब फावडं घेऊन मुरमाच्या ढिगाकडं गेले. पहिलं फावडं त्यांनी भरलंही. ते पेवाच्या तोंडाशी पोचायच्या आत लक्ष्मीबाई तोंडाभोवती बसवलेल्या फरशीवर जाऊन बसली. मांडी घालून, भाकरी करायला बसावं तशी.

"अहो, टाका आता. माझ्या डोक्यावर टाका."

"तू व्हय गं?"

"व्हय, मी."

बद्रीनाथनं वडलांच्या हातातलं फावडं धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. बाप-लेक थोडा वेळ तसेच उभे राहिले. शेवटी नानासाहेबांनी फावडं सोडलं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पन तुमच्या त्या डबीवर माझा इस्वास नाय. बापू कंदील सोडायचे. कंदील सोडा. कंदील खोटं बोलत नाय."

सांडू, घरचा जुना सालगडी, ऐंशीच्या घरातला, कंदील घेऊन पुढं आला. बावन्न साली काठावर असलेल्या मोठ्या माणसांपैकी आता आवडाबाई आणि सांडू एवढेच उरले होते. त्यानं कंदील पेटवला, जुन्या दोरीला बांधला आणि आत सोडला. दोरीला गाठ होती. गाठ हातात आली तसा तो थांबला. नळीशेजारी धरून द्वारकानं अंतर बघितलं. दोन हात. तीन फूट.

कंदील जळत होता.

"बघा!" नानासाहेब म्हणाले. "जळतोय का नाय? काकू जवळ उभी, पन कुनी उतरलेलं नाय म्हनून जळतोय. तवा बी असाच जळत व्हता."

"सांडूबाबा, अजून सोडा," द्वारका म्हणाली.

सांडूनं मान हलवली. "दोन हाताखाली सोडत नसत्यात, बाई. घासलेट सांडलं तर आख्ख्या पेवाला वास लागतो. मंग ती ज्वारी जनावर बी खात नाय."

"म्हंजी कधीच सोडत नव्हते?"

"कवाच नाय. बापूनंच गाठ मारलेली. दोन हातावर."

द्वारकानं वहीत लिहिलं: गाठ, तीन फूट. हात थांबला. घासलेटचा वास. चार वर्षं ती विचार करत होती की जळता कंदील खोटा कसा ठरला. उत्तर ज्वारीच्या चवीत होतं.

"सोड," आवडाबाई म्हणाली.

"वयनी, वास..."

"सांडूभाऊ, लागू दे वास. सोड."

सांडूनं गाठ बोटांतून जाऊ दिली. चार फूट. पाच. सहाव्या फुटाला ज्योत लांबट झाली, काचेत वर चढली. सातव्याला ती वातीपासून सुटल्यासारखी झाली आणि नाहीशी झाली. आत काळोख. सांडूनं विझलेला कंदील वर ओढून घेतला.

आधी नानासाहेबांनीच तोंड उघडलं. त्यांचा आवाज चढला होता, पण त्याला धार नव्हती.

"ती आली म्हनून विझला. तुमी सगळ्यांनी बघितलंय. काठावर आली आन विझला."

त्या क्षणी द्वारकाला राग यायला हवा होता. आला नाही. काका म्हणाले ते चुकीचं नव्हतं. एकट्या कंदिलावरून तसंही म्हणता येत होतं. मॅडमनीही हेच विचारलं असतं. आणि तिच्या लक्षात आलं की फकिरा गेला तेव्हा नानासाहेब सात वर्षांचे होते. त्यांनी दोरी बापाच्या हातात बघितली होती. आवडाबाईचे पाय दोषातून सुटले तर दोष दोरी धरणाऱ्या बापाच्या हातात उरत होता.

लक्ष्मीबाई फरशीवरून उठली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, जसा ती सासऱ्यांचं नाव निघालं की अजूनही ओढायची.

"मी या घरात आले त्याला पंचेचाळीस वर्सं झाली. मामंजी मरेपर्यंत हातात कंदील धरत नव्हते. गोठ्यात जायचं तर अंधारात चाचपडत जायचे. मी एकदा दिला पुढं, तर हात मागं घेतला. का वो घेतला असंल?"

नानासाहेब विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिले.

"त्यांना ठावं व्हतं," लक्ष्मीबाई म्हणाली. "आन त्यांनी हिला बाभळीखाली बसू दिलं."

आवडाबाईनं हात वर केला. "लक्ष्मे, ऱ्हाऊ दे. मेलेल्या मान्साला नको बोलू. त्याचा बी भाऊच गेला व्हता." मग ती द्वारकाकडं वळली. "तुझं काय ते मोज बाई. ऊन चढायलं."

द्वारकानं नळी परत सोडायला घेतली, आणि थांबली.

"नाना, आकडे तुम्ही वाचा."

"मी कशाला?"

"पहिले मी वाचले. मला काय यावं असं वाटतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आता मी डबीकडं बघणार नाही. तुम्ही वाचा, बद्रीदादा लिहील. तुमच्या मनात आहे ते आलं, तर तेच मॅडमला जाईल."

"माझा आकडा?"

"तुमचाच."

नानासाहेबांनी धोतराला हात पुसले. मीटर हातात घेतला तो तान्ह्या वासरासारखा, दोन्ही हातांनी. बद्रीनाथनं बाजूचं बटण दाखवलं, आकडा कुठं उमटतो ते दाखवलं. आवडाबाई पेवाच्या अगदी तोंडाशी आली. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी पाय फरशीच्या कडेला लावून उभी राहिली. एकोणसाठ वर्षांपूर्वी ती पाटी धरून उभी होती, ती तीच कड.

द्वारका पाठ फिरवून उभी राहिली. समोर बाभूळ होती, तिच्याखाली कुणी नव्हतं. हातातली नळी ती गाठीगाठीनं सोडत होती.

"तीन," ती म्हणाली. दोन मिनिटं गेली. मागून नानासाहेबांचा पुटपुटण्याचा आवाज आला, मग बद्रीनाथच्या पेनचा.

"पाच."

"सात." इथं नानासाहेबांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, जणू कुणी ऐकू न येणारा समोर बसला होता.

"नऊ."

पंपाची घरघर, शेंद्र्याच्या कारखान्याचा आठचा भोंगा. मग नानासाहेबांनी आकडा सांगितला. लक्ष्मीबाईनं कनवटीचा कागद काढला, उलगडला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. बराच वेळ धरले. मग ते कागद द्वारकाकडं देऊन नानासाहेब बाभळीखाली गेले आणि बसले.

द्वारकानं तिथंच उभ्यानं मोबाईलवर मेसेज लिहिला.

मॅडम, पेव क्र. १, शेंद्रा. एक रात्र उघडं, न ढवळलेलं. कार्बन डायऑक्साइड, टक्के.
आवडाबाई साठ पावलांवर (वाचन: द्वारका तुपे): ३ फूट ०.६, ५ फूट ४.२, ७ फूट ९.१, ९ फूट ११.४.
आवडाबाई काठावर (वाचन: नानासाहेब तुपे): ३ फूट ०.६, ५ फूट ४.३, ७ फूट ९.०, ९ फूट ११.३.